देवघरातलं जुनं नाणं: खरं, प्रतिकृती की नुसता बिल्ला?

जुनं नाणं हातात आलं की बहुतेक जण आधी चित्र पाहतात, मग साल वाचतात आणि लगेच किंमत शोधायला बसतात. हा क्रम उलटा आहे. चित्र आणि साल हव्या त्या साच्यात कोरता येतं. वजन, धातू आणि कड या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळवणं मात्र नकलाकाराला जड जातं. म्हणून ओळख पटवताना सुरुवात वजनापासून करायची आणि चित्राकडे शेवटी यायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी साहित्य, आणि एक पथ्य

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, प्लास्टिकचं व्हर्नियर कॅलिपर (धातूचं नको, ओरखडे पडतात), दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधं चुंबक, शिवणाचा दोरा आणि काचेचा पेला एवढं पुरतं. काटा बरोबर आहे का हे पाहायला २०११ च्या मालिकेतलं दहा रुपयांचं नवंकोरं नाणं ठेवा. ते ७.७१ ग्रॅम भरलं पाहिजे.

पथ्य असं, की नाणं घासायचं नाही. पितांबरी, चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचं नाही. चांदीवरची काळसर झाक आणि तांब्यावरचा तपकिरी थर हा मळ नाही. धातूची वरची कातडी हवेशी मिळून तयार झालेली असते. घासलं की ती जाते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि भिंगाखाली समांतर बारीक रेघा दिसू लागतात. असं नाणं संग्राहक एक तर घेत नाही, किंवा धातूच्या भावानेच घेतो.

लक्ष्मीपूजनातली नाणी हा आपल्याकडचा खास प्रश्न. वर्षानुवर्षं हळदकुंकू बसलेलं असतं आणि पंचामृतातल्या दह्याने तांबं हळूहळू खाल्लेलं असतं. अशी नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. मग सुती कापडावर ठेवून वरून नुसती दाबून टिपा. चिकटपट्टीचा गोंद असेल तर शुद्ध अॅसिटोन वापरा, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश काढायचं सुगंधी द्रव चालत नाही, त्यातलं तेल नाण्यावर बसतं. अभिषेकासाठी सराफाकडचं नवं चांदीचं नाणं ठेवावं आणि जुनं त्यातून कायमचं बाजूला काढावं, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

पायरी १: वजन

ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. हाच आपला जुना तोळा. अधेली, पावली आणि दोन आणे त्याच प्रमाणात उतरतात: ५.८३, २.९२ आणि १.४६ ग्रॅम. वापरून झिजलेला रुपया ११.४ ते ११.६ भरतो. ११ च्या खाली किंवा ११.७५ च्या वर गेला तर संशय धरायचा, कारण झिजून वजन घटतं, वाढत कधीच नाही.

तांब्याचं माप असं: ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा ६.४८ ग्रॅम, अर्धा आणा म्हणजे ढब्बू पैसा १२.९५ ग्रॅम. १९०६ पासून पाव आणा कांशाचा झाला आणि ४.८६ ग्रॅमवर आला. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला, साधारण २ ग्रॅमचा. युद्धकाळात धातू वाचवायला त्याच्या मध्ये भोक ठेवलं होतं. घरोघरी सापडतो, दुर्मीळ नाही.

वजन जुळलं तरी धातू वेगळा असू शकतो. त्यासाठी पाण्याची परीक्षा घ्या. पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा, म्हणजे धातूची घनता मिळते. ९१.७ टक्के चांदीच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, घनता साधारण १०.३. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर आकडा १.३५ च्या पुढे जातो. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, म्हणून त्या रुपयांना १.२२ च्या आसपास येणं बरोबर आहे. ते खोटे समजू नका. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा सगळं गणित बिघडवतो. दोरा हलकेच हलवून तो सोडवा आणि तीनदा मोजा.

चुंबकाला चांदी, तांबं, पितळ यातलं काहीच चिकटत नाही. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेला रुपया चिकटला तर तो लोखंडाचा आहे, विषय संपला. उलट १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा असल्याने चिकटायलाच हवा.

पायरी २: कड

बाजारात फसणारे बहुतेक जण ही पायरी वगळतात. कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या चांदीच्या रुपयाची कड दातेरी असते, दात सरळ आणि एकसारखे. कंपनीच्या १८३५ च्या तांब्याच्या नाण्यांची कड गुळगुळीत. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेला दातांमधून एक खास नक्षीदार खाचही धावते. नकला रोखण्यासाठीच ती आणली होती.

साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर गोल फिरणारी एक बारीक शिवण राहते, किंवा ती कानशीने घासल्याच्या तिरक्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ते ओतताना अडकलेल्या हवेचे. ठशाखाली दाबून पाडलेल्या नाण्यावर अक्षराची भिंत सरळ उभी राहते. ओतीव नकलेत ती उताराची आणि मऊ असते. सरळ आणि उतरती भिंत यांतला फरक डोळ्यात बसवायला एक खात्रीचा स्वस्त पाव आणा विकत घेऊन त्याच्याशी ताडून पाहणं हा सगळ्यात चांगला अभ्यास.

बंदा रुपया वाजवून पाहण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. फरशीवर मात्र आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज रेंगाळला तर उत्तम. बद्द आला तर नाणं खोटंच असं नाही, बारीक तडा गेलेला किंवा कडी डकवून काढलेला खरा रुपयाही बद्द वाजतो.

पायरी ३: मजकूर वाचणं

कंपनीच्या यंत्रावरच्या चलनी रुपयावर दोनच सालं येतात. चौथ्या विल्यमचा चेहरा आणि १८३५, किंवा व्हिक्टोरियाचा चेहरा आणि १८४०. मधल्या वर्षांतही हीच सालं पडत राहिली. १८६२ पासून कंपनीचं नाव गेलं आणि फक्त 'इंडिया' आलं. त्या रुपयावरही १८६२ हे साल पुढे दहाबारा वर्षं गोठलेलं राहिलं, म्हणून १८६३ ते १८७३ यातलं साल रुपयावर दिसलं तर तो घेऊ नका. १८७६ पर्यंत व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'क्वीन', १८७७ पासून 'एम्प्रेस'. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर आहे. जॉर्जचा १९११ चा रुपया 'डुकराचा रुपया' म्हणून प्रसिद्ध झाला. राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोक खवळले आणि बरेचसे रुपये परत घेऊन वितळवण्यात आले. १९१२ पासून सोंड नीट केलेली आहे. १९३९ चा रुपया फार दुर्मीळ आणि त्याच्या नकलाही पुष्कळ, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय तो घेऊ नये.

शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपती', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकापासून शिवरायांच्या नावाचं हे तांब्याचं नाणं पडू लागलं आणि पेशवाईतही त्याच नावाने पडत राहिलं. म्हणून हातात आलेली शिवराई महाराजांच्या हयातीतलीच असेल असं धरून चालू नये, बहुतेक नंतरच्या असतात. दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी ही नंतरची. नंतरच्या नाण्यांवर 'शीव', 'सिव' असे लेखनभेदही दिसतात. वजनही मदतीला येतं. सुरुवातीच्या साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, नंतरच्या पुष्कळशा ८ ते १० च्या.

शिवराई हाताने ठोकलेली आहे. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे अख्खा मजकूर जवळजवळ कधीच बसत नाही. कुठे 'श्री' कापलेली, कुठे 'पती' अर्धवट, चकती थोडी वाकडी. दोन्ही बाजूंना पूर्ण मजकूर अगदी मधोमध, चकती गोल गरगरीत आणि जाडी सगळीकडे सारखी असेल तर ती किल्ल्याच्या पायथ्याशी मिळणारी प्रतिकृती समजा. आठवण म्हणून प्रतिकृती जरूर ठेवावी, पण जुनं नाणं म्हणून पैसे मोजू नयेत. होनाच्या बाबतीत तर काटाच निकाल देतो. खरा होन सोन्याचा, आकाराने बोटाच्या नखाएवढा आणि तरी साधारण २.८ ग्रॅमचा. त्याच मापाची पितळी प्रतिकृती निम्मंही वजन भरत नाही, कारण सोनं पितळेच्या दुपटीहून जड आहे.

मराठवाडा, गोवा आणि संस्थानं. मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली सिक्का हमखास असतो. चारमिनारचं चित्र, फारसी मजकूर, हिजरी साल. हा रुपया साधारण ११.२ ग्रॅमचा आणि चांदीही कमी, म्हणून त्याला इंग्रजी रुपयाचं माप लावून खोटा ठरवू नका. गोव्यात आणि तळकोकणात १८८१-८२ चे पोर्तुगीज रुपये सापडतात. त्यांवर पहिल्या लुईस राजाचा चेहरा असतो आणि त्यांचं वजन मात्र इंग्रजी रुपयाएवढंच. १९१२ च्या नाण्यांवर राजा नाही, कारण पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं होतं.

पुतळ्यांच्या माळेतली एखादी पुतळी सुटी सापडली तर ती जरूर भिंगाखाली धरा. पुतळ्यांचा मूळ नमुना व्हेनिसचं सोन्याचं डुकाट हे नाणं आहे. एका बाजूला गुडघ्यावर बसलेला राज्यप्रमुख आणि त्याच्यासमोर संत, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांच्या मध्ये उभा ख्रिस्त. खऱ्या डुकाटवर लॅटिन अक्षरं वाचता येतात आणि वजन ३.५ ग्रॅमच्या आसपास असतं. आपल्याकडे घडवलेल्या पुतळीवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके असतात. दोन्ही सोन्याच्या असू शकतात, पण नाणं म्हणून मोल पहिल्याला.

पायरी ४: साल कोणत्या कालगणनेतलं?

इथे चांगले चांगले चुकतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पाव आण्यावर '१९७०' दिसतं आणि लोक ते परवाचं म्हणून टाकून देतात. ते विक्रम संवत आहे. ५७ वजा करा, १९१३ येतं. बडोद्याच्या सयाजीरावांच्या नाण्यावरचं '१९४९' म्हणजे १८९२.

- विक्रम संवत असेल तर ५७ वजा.
- शक असेल तर ७८ मिळवा.
- दख्खनी फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९० मिळवा.
- हिजरी असेल तर सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १२१५ हिजरी म्हणजे १८००-०१.

फारसी आकडे वाचायला एका संध्याकाळचा सराव पुरतो. शून्य म्हणजे ठिपका, एक म्हणजे उभी रेघ, सात इंग्रजी व्हीसारखा, आठ उलट्या व्हीसारखा, पाच गोलसर किंवा उलट्या बदामासारखा. साल डावीकडून उजवीकडेच वाचायचं, मजकूर उलट दिशेने असला तरी.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यावर सालाखाली भिंग धरा. चौकटच्या आकाराची खूण म्हणजे मुंबई टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

रामदरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी

सगळ्यात जास्त फसवणूक या एकाच वस्तूवर होते. जाड तांब्याचं किंवा पितळेचं नाणं, एका बाजूला रामदरबार, हनुमान, शंकर किंवा कमळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आणा' किंवा 'यूकेएल वन आणा' आणि १६१६, १७१७, १८१८ किंवा १८३९ असं साल. हे चलन कधीच नव्हतं. हे देवस्थानाबाहेर आणि जत्रेत विकले जाणारे बिल्ले आहेत.

कारणं स्वतः तपासून पाहा. मुंबई बेट कंपनीच्या हाती आलं १६६८ साली, मग १६१६ चं कंपनीचं इंग्रजी नाणं येणार कुठून? 'यूकेएल' अशी अक्षरं कंपनीच्या एकाही नाण्यावर नाहीत. १८३५ च्या मालिकेत तांब्याचं सगळ्यात मोठं नाणं अर्धा आणा होतं. पूर्ण आणा चलनात आला तो १९०७ पासून, तोही पांढऱ्या धातूचा आणि कंगोरेदार कडेचा. कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर तिचं मानचिन्ह असतं, मुंबई इलाख्याच्या १८०४ आणि १८३३ च्या नाण्यांवर मागे तराजू असतो. हिंदू देवता कंपनीने नाण्यावर घेतली ती मद्रासकडे, विष्णूची मूर्ती असलेल्या सोन्याच्या इवल्याशा पगोड्यावर. त्याचा आकार जाड बिल्ल्याच्या जवळपासही नाही.

असा बिल्ला आजोबांनी पूजेत ठेवला असेल तर पूजेत राहू द्या. श्रद्धेचं मोल निराळं, पण लाखाला विकायला निघू नका. हेच बिल्ले 'तांदूळ ओढणारं नाणं', 'इरिडियमचं नाणं' म्हणून गावोगाव दाखवले जातात. तांदूळ ओढणारा कोणताही धातू नाही. दाण्यांना लोखंडाचा कीस चिकटवून ठेवलेला असतो आणि नाण्याखाली चुंबक असतं.

दाबलेल्या पेनी आणि इतर आठवणीच्या वस्तू

परदेशातून येणाऱ्या पाकिटांत लांबट, अंडाकृती, पातळ तांबूस चकत्या असतात. त्यांवर एखादा पूल, किल्ला किंवा प्राणी असतो. या दाबलेल्या पेनी. हा प्रकार १८९२-९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनापासून रूढ झाला. हँडल फिरवलं की दोन रुळांमधून नाणं जातं, एका रुळावर चित्र उलटं कोरलेलं असतं. अमेरिकेत फसवणुकीचा हेतू नसेल तर हे कायदेशीर आहे.

मूळ नाणं ओळखायला पुन्हा काटाच हवा, कारण दाबल्याने आकार बदलतो, वजन नाही. ३.११ ग्रॅम भरलं तर १९८२ किंवा त्याआधीचा, ९५ टक्के तांब्याचा सेंट. २.५ ग्रॅम भरलं तर आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ थर. अशा पेनीवर दाबताना थर फाटून राखाडी रेघा उमटतात, म्हणून शौकीन जुने सेंट जमवूनच यंत्राकडे जातात. मागच्या बाजूला तिरका प्रकाश टाकला की लिंकनचा ताणलेला चेहरा आणि कधी सालही पुसट दिसतं. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं यापेक्षा वेगळं: कडा वेड्यावाकड्या, नवं चित्र काहीच नाही.

ज्यावर किंमत लिहिलेली नाही, वर कडी किंवा भोक आहे आणि राज्यारोहण किंवा ज्युबिलीचा मजकूर आहे, ते पदक समजा. दोन्ही बाजूंना छापाच किंवा दोन्हींना काटा असेल तर कडेच्या आतल्या बाजूने भिंग फिरवा. जादूच्या नाण्यात एक नाणं आतून कोरून दुसरं बसवलेलं असतं आणि सांधा तिथेच दिसतो. टांकसाळीतली खरी चूक अशी असते: एका बाजूला चित्र उठावाचं, दुसरीकडे तेच चित्र खोलगट आणि आरशातल्यासारखं उलटं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की असं होतं. दोन नाणी शिकंजात दाबून हीच चूक बनवतात, पण त्यात मूळ चित्र चेपलेलं राहतं आणि कड चपटी होते.

किंमत, फसवणूक, कायदा

खालची मर्यादा स्वतः काढता येते. १९३९ पर्यंतच्या न झिजलेल्या रुपयात १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणा. नेहमी सापडणारा राणीछाप रुपया याच्या थोडा वरच जातो, त्याहून जास्त मिळतं ते सालाच्या दुर्मीळतेला आणि न झिजलेल्या अवस्थेला. जाहिरातीत मागितलेली किंमत धरू नका, लिलावात प्रत्यक्ष किती पैसे मिळाले ते पाहा.

'तुमचं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे, की बँक असल्या व्यवहारात पडत नाही आणि कुणाला फी घ्यायचा अधिकारही देत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय खरी नाणी डोळ्यांखालून घालायला उत्तम. कुणालाही फोटो पाठवताना दोन्ही बाजू, कड, शेजारी पट्टी आणि वजन हे पाचही द्या. नुसत्या एका बाजूच्या फोटोवर कुणीही जाणकार मत देत नाही.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी निघाली तर ती आपोआप तुमची होत नाहीत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं जमिनीत दडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि परदेशी राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. आजीने प्रेमाने दिलेला राणीछाप रुपया सामानात टाकला तरी विमानतळावर जप्त होऊ शकतो. तो इथल्याच कुणाकडे ठेवा.

ठेवायचं कसं

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नको. त्यातून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं. मायलर या प्लास्टिकची पारदर्शक खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट घ्या. स्टेपलची पिन चपटी दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो. कोकणात आणि मुंबईत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती महिन्याने बदला. तांब्यावरचा कडक, चकचकीत हिरवा थर निरुपद्रवी असतो, तो राहू द्या. फिकट हिरवी भुकटी पुसल्यावर पुन्हा येत असेल तर तो क्षाराचा रोग आहे. ते नाणं लगेच वेगळं करा आणि भुकटी येणं थांबेपर्यंत रोज नव्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवत राहा. चौकटीवर पेन्सिलीने वजन, व्यास, कुठून आलं आणि कुणाचं होतं हे लिहा. चौकटीत घालण्याआधी लिहा, नंतर नको, दाबाने नाण्यावर खूण उमटते.